ॲव्हरेजही हवं, पिकअपही हवा: विदर्भातल्या गावाकडून गाडी निवडताना

पेट्रोल वाढलं की पानठेल्यावर एकच सल्ला मिळतो: "आता पिकअप-बिकअप विसरा भाऊ, ॲव्हरेज देणारी गाडी घ्या." सल्ला देणाऱ्याला तुमची काळजी असते, पण तो अर्धाच बरोबर आहे. चालवायला मजा आणि कमी इंधन या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून येतात, ते म्हणजे गाडीच्या वजनातून. हलक्या गाडीला ओढायला इंधन कमी लागतं आणि तीच गाडी वळणावर चपळ वाटते, ब्रेक दाबला की लवकर थांबते, छोट्या इंजिनावरही झटकन निघते. म्हणून पेट्रोल महाग झालं की कंटाळवाणी गाडी घ्यावी लागते असं नाही. जास्तीची जड गाडी टाळली तरी बरंच काम होतं.

हा लेख यवतमाळ, वाशीम, अमरावती, चंद्रपूरकडच्या खेड्यांत किंवा तालुक्याच्या गावी राहून पहिली किंवा दुसरी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ पाहून आपल्याकडची गाडी ठरत नाही. आपले रस्ते, आपलं ऊन, पंपाचं अंतर आणि पैसा हातात येण्याचा महिना, हे सगळंच वेगळं आहे.

आधी वही, मग शोरूम

शोरूमला जाण्याआधी महिनाभराचं फिरणं वहीत लिहा. तालुक्याला किती फेऱ्या, आठवडी बाजार, मुलांचं कॉलेज, दवाखान्यासाठी नागपूर किंवा सेवाग्राम, लग्नसराई, शेतावर जाणं-येणं. प्रत्येकापुढे किलोमीटर लिहा आणि रस्ता कसला तेही लिहा: गावातला सिमेंट रस्ता, दोन पदरी डांबरी, चौपदरी हायवे, समृद्धी की पांदण. गाडीत बहुतेक वेळा किती माणसं असतात, हेही लिहा.

या एका पानावर निम्मा निर्णय होतो. बऱ्याच घरांत हिशेब महिन्याला हजार किलोमीटरच्या आतच राहतो आणि गाडीत दोन किंवा तीनच माणसं असतात. वर्षातून चारदा सातजण बसतात म्हणून बाराही महिने सात सीटचं वजन ओढायची गरज नाही. त्या चार दिवसांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते.

ॲव्हरेजचा आकडा उलटा करून वाचा

आपण विचारतो, लिटरला किती देते? खिशाचा हिशेब नीट कळायला प्रश्न उलटा हवा: हजार किलोमीटरला किती लिटर पिते?

पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. बाराचं ॲव्हरेज देणारी जड एसयूव्ही हजार किलोमीटरला सुमारे ८३ लिटर पिते, सोळा देणारी ६२ ते ६३. फरक जवळजवळ २१ लिटरचा, म्हणजे महिन्याला २,२०० रुपयांच्या आसपास. आता वीस देणारी आणि पंचवीस देणारी बघा: ५० लिटर आणि ४० लिटर. फरक दहाच लिटरचा, १,०५० रुपये. पहिल्या जोडीत चारचंच अंतर होतं, दुसऱ्या जोडीत पाचचं, तरी पैसे पहिल्या जोडीत दुप्पट वाचले.

याचा अर्थ सरळ आहे. बारा-तेरावरून अठरा-वीसवर येणं हीच मोठी बचत. तिथून पुढे प्रत्येक जास्तीच्या किलोमीटरसाठी चालवायचा आनंद, सुरक्षितता किंवा लाखभर रुपये जास्त सोडायची गरज नाही. वीसच्या आसपास खरं ॲव्हरेज देणाऱ्या गाड्यांत तुम्हाला आवडेल ती घ्या.

'खरं' हा शब्द मुद्दाम लिहिला. ब्रोशरवरचा एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. त्या चाचणीत वेग ९० च्या वर जात नाही. समोरून ट्रॅक्टर येत नाही, मे महिन्याचं ऊन नसतं आणि मागे तीन माणसं बसलेली नसतात. मी त्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करून धरतो. सध्याच्या मॅन्युअल स्विफ्टचा छापील आकडा २४.८ आहे, तो अठरा-एकोणीस समजायचा. शांत चालवणाऱ्याला त्याहून जास्त मिळेल.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ॲव्हरेज कागदावरच सहा-सात टक्क्यांनी उतरतं. जुनी गाडी घेणार असाल तर ती एप्रिल २०२३ नंतरची आहे का, हे आवर्जून बघा. त्यानंतरच्या गाड्यांचे पाइप आणि रबरी भाग या पेट्रोलसाठी बनवलेले आहेत.

कोणतं इंधन: पंपाचं अंतरही मोजा

हिशेबासाठी डिझेल ९२ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरतो. तुमच्या पंपावरचा भाव वेगळा असेल, तो घालून हेच गणित पुन्हा करा.

पेट्रोलची गाडी खरं १८ देत असेल तर किलोमीटरला पाच रुपये ऐंशी पैसे लागतात. तशीच डिझेल गाडी २० देत असेल तर चार रुपये साठ पैसे. वाचले एक रुपया वीस पैसे. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग असेल तर तो फरक भरून निघायला लाखभर किलोमीटर लागतात. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी आठ वर्षांहून जास्त लागतील. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या गाडीवर पेट्रोलला ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि डिझेलला १३ टक्के.

डिझेलचा दुसरा प्रश्न तब्येतीचा आहे. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगानं पळावी लागते. घर ते चौक आणि चौक ते घर एवढंच फिरणं असेल तर जाळी तुंबते, मीटरवर दिवा लागतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. पण महिन्याला अडीच हजार किलोमीटर होत असतील, वणी-नागपूर किंवा पुसद-अमरावती नेहमीचं असेल, तर डिझेलसारखी मजा नाही. कमी आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) मिळणारी ओढ दोन पदरी रस्त्यावर फार कामाला येते.

सीएनजीचं गणित सगळ्यांत गोड दिसतं. किलोला २६ धरले तर किलोमीटरला साडेतीन रुपये. नव्वद हजारांचा जास्तीचा खर्च अडतीस हजार किलोमीटरच्या आसपास फिटतो. पण पंप कुठे आहे? छोट्या गाडीच्या ५५ लिटरच्या सिलिंडरमध्ये गॅस आठेक किलोच मावतो, म्हणजे दोनशेच्या आसपास किलोमीटर. पंप वीस किलोमीटरवर असेल तर फक्त गॅस भरायला जाण्या-येण्यातच पाचवा हिस्सा संपला. रांगेतला वेळ वेगळाच. शिवाय भावाचा भरवसा पेट्रोलइतकाही नाही. २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला शंभरच्या वर गेला होता. रोजच्या वाटेवरच पंप असेल तरच सीएनजी घ्या.

मजेच्या बाजूनंही सीएनजीत थोडं गमवावं लागतं. स्विफ्ट पेट्रोलवर सुमारे ८२ पीएस (हॉर्सपॉवरसारखं माप) ताकद देते, सीएनजीवर ७० च्या आत. घाटात आणि ओव्हरटेकला हा फरक पायाला कळतो. त्या वेळी बटण दाबून पेट्रोलवर घेणं हाच उपाय. डिकीची जागा जाऊ द्यायची नसेल तर टाटाच्या दोन छोट्या सिलिंडरवाल्या टियागो, अल्ट्रोझ बघा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावीच लागते.

इलेक्ट्रिकबद्दल गावाकडे जितकी भीती आहे तितकी ती वाईट नाही. मोटरचा पिकअप पहिल्याच इंचापासून मिळतो, तो आनंद पेट्रोलच्या छोट्या गाडीत नाही. घरचं अंगण असल्यानं चार्जिंगची जागा शहरातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा आपल्याकडे सोपी. पण तीन गोष्टी तपासा. घराचं अर्थिंग नीट आहे का, रात्री व्होल्टेज टिकतं का आणि पावसाळ्यात लाइन किती वेळ जाते. युनिटला सात किलोमीटर धरले तर महिन्याच्या हजार किलोमीटरला १४० युनिट वाढतील आणि महावितरणच्या बिलात तुम्ही वरच्या टप्प्यात जाल. तो वाढीव दर धरूनच हिशेब करा. टियागो ईव्हीच्या २४ युनिटच्या बॅटरीवर दीडशेच्या थोडं वर भरवसा ठेवता येतो. तालुक्याच्या फिरण्याला ते भरपूर आहे, नागपूरला जाऊन त्याच दिवशी परत यायला नाही.

हायब्रीडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी-मोटर असलेल्या गाडीचा, छापील आकडा डोळ्यांत भरतो, ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरचा २७.९७. ती बचत शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात जास्त होते. मोकळ्या रस्त्यावर एकसारखं चालणाऱ्याला किंमत वसूल व्हायला वेळ लागतो.

आपल्या रस्त्यावर मजा कशाला म्हणायची

डिसेंबरात कापसाचा हंगाम भरात असतो. दोन पदरी रस्त्यावर पुढे कापसानं दोन्ही बाजूंनी फुगलेला ट्रक आहे, वेग चाळीस. ड्रायव्हरला आरसा दिसत नाही आणि तुम्हाला पुढचा रस्ता. वळण संपतं, समोर मोकळा पट्टा दिसतो. तुम्ही तिसऱ्या गिअरवर येता आणि ॲक्सिलरेटर दाबता. त्या क्षणी गाडी ओढत निघाली पाहिजे. शून्य ते शंभर किती सेकंदांत, याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. चाळीस ते ऐंशी हाच आपला खरा आकडा आणि तो सुरक्षिततेचाही आहे.

म्हणून ब्रोशरमध्ये पीएससोबत टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ (ती एनएममध्ये मोजतात), बघा आणि तो किती आरपीएमला मिळतो तेही बघा. मग त्याला गाडीच्या वजनाशी ताडून पाहा. स्विफ्टचं वजन सव्वानऊशे किलोच्या आसपास आहे, म्हणून ११२ एनएमवरही ती चपळ वाटते. तेच इंजिन सव्वा टनाच्या गाडीत घातलं तर चार माणसं बसल्यावर ती दमते. मग आपण पाय जोरात दाबतो आणि ॲव्हरेजही जातं.

माझ्या पसंतीच्या गाड्या अशा. कमी बजेट आणि बहुतेक डांबरी रस्ता असेल तर स्विफ्ट मॅन्युअल. डिकी मोठी हवी असेल तर डिझायर, तेच इंजिन आणि ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच स्टार. जास्त फिरणं आणि डिझेलचीच आवड असेल तर अल्ट्रोझ डिझेल, ९० पीएस आणि २०० एनएम. डिझेल हॅचबॅक आता तीच उरली आहे. थोडा उंच बसायचा हट्ट असेल आणि किलोमीटर खरंच भरपूर असतील तर एक्सयूव्ही ३एक्सओ डिझेल, तिच्या ३०० एनएमपुढे आपल्याकडचा कुठलाही चढ लहान आहे. टर्बो पेट्रोलमध्ये फ्रॉन्क्सचं एक लिटर इंजिन किंवा आय-२० एन लाइन चालवायला छान आहेत, पण टर्बो पेट्रोल तुमच्या पायाच्या हिशेबानं पितं. हळू चाललात तर अठरा, जोशात चाललात तर बारा. स्वतःचा पाय कसा आहे, ते घरच्यांना विचारा.

थारचं आकर्षण मला समजतं. गावात ती उभी राहिली की माणसं वळून बघतात. पण दीड टनाच्या पुढची, हवेला छातीनं अडवणारी गाडी पेट्रोलच्या भाववाढीत महिन्याच्या महिन्याला झोंबते. जंगलात, डोंगरात खरंच काम असेल तरच ती घ्या.

आता ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची. गतिरोधकांवर घासण्याची तक्रार खरी आहे. स्विफ्टची ही उंची १६३ मिलिमीटर आहे, पाच माणसं बसली की ती आणखी खाली येते. पण उंच एसयूव्ही पांदणीत चालेल हा समज सोडा. जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत गारा टायरच्या खाचांत बसतो, चाकाचे दोन-चार फेरे झाले की टायर गुळगुळीत होतो, मडगार्डच्या आत चिखल कोंबला जातो आणि चाक जागच्या जागी फिरू लागतं. तिथे दोनशे मिलिमीटर उंचीची पण पुढच्याच दोन चाकांवर ओढणारी एसयूव्हीही तशीच फसते. ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. शेतावर जायला मोटरसायकल ठेवा आणि गाडी डांबरीच्या कडेला लावा. फोर बाय फोरशिवायच्या उंचीसाठी दोन-तीन लाख घालू नका.

गिअरचं थोडक्यात: मॅन्युअलमध्ये मजा जास्त आणि दुरुस्ती गावाजवळ. एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) ॲव्हरेज चांगलं देते, पण ओव्हरटेकला गिअर बदलताना क्षणभर थांबते. घरात गुडघेदुखी असेल तर तीच घ्या, फक्त तिच्या मॅन्युअल मोडची सवय करा.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या पद्धतीनं

शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतो. तेवढ्यावर राजी होऊ नका. घरची चार माणसं घेऊन जा, एसी पूर्ण चालू ठेवा, शक्य असेल तर दुपारी जा. बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत मागच्या सीटवर गार वारा पोहोचतो का, हे हिवाळ्यात कळत नाही.

मग तीन गोष्टी करा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर चालवा आणि पाय दाबा. गाडी लगेच ओढते, की आधी विचार करते? दुसरं, एखादा खराब पॅच मुद्दाम साठच्या वेगानं ओलांडा. आवाज येऊ दे, पण स्टिअरिंग हातातून उडायला नको. तिसरं, चढावर थांबून पुन्हा निघा. परतवाड्याकडून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांना किंवा पुसदकडच्या घाटातून येणाऱ्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

समृद्धीवर नेहमी जात असाल तर शंभरच्या वेगाला गाडी किती शांत राहते, तेही बघा. तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे, पण ८० वरून १२० वर गेलात की हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. उंच, चौकोनी गाडीचं ॲव्हरेज तिथेच धाडकन पडतं. बुटक्या हॅचबॅकचं किंवा डिझायरचं त्यामानानं कमी पडतं.

जुनी घ्यायची असेल तर

कमी पैशांत खरी मजा जुन्या गाड्यांत आहे. स्विफ्टचं १.३ डिझेल एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं तसं बंद झालं, पण गावोगावच्या मिस्त्रींना ते इंजिन तोंडपाठ आहे. फोर्ड फिगोचं १.५ डिझेल आणि पोलो टीएसआय चालवायला त्याहून सरस. मात्र फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवलं आणि पोलो २०२२ मध्ये बंद झाली. सुटे भाग किती दिवसांत येतात, हे आपल्या मिस्त्रीला विचारूनच पुढे जा.

दिल्लीकडून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांपासून विशेष जपा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंधन आल्यानं अशा गाड्या बाहेर विकल्या जातात. किंमत गोड वाटते, पण एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि एमएच २९ किंवा एमएच २७ चं पासिंग होईपर्यंत फायदा संपतो. गाडी कुठलीही असो, आरसीवर बँकेचा बोजा, थकीत चलान आणि विम्याचा दावा ऑनलाइन तपासा. सीट वर करून खालचे बोल्ट गंजलेत का ते बघा. आतल्या बोल्टवर गंज आणि पट्ट्यांवर चिखलाची रेघ असेल तर ती पुराच्या पाण्यात बसलेली गाडी आहे. आरसी स्वतःच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

पैसा, हप्ता आणि मुहूर्त

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्या या सवलतीत बसतात.

दसऱ्याला गाडी दारात यावी असं सगळ्यांना वाटतं, पण कापूस-सोयाबीनचा पैसा तेव्हा पूर्ण हातात आलेला नसतो. काही बँका आणि फायनान्स कंपन्या शेतकऱ्यांना सहामाही हप्ता देतात, तो मागून बघा. डिसेंबर-जानेवारीत मागच्या वर्षाच्या गाड्यांवर सूट मिळते, तेव्हा बुकिंगआधीच चेसिस नंबरवरून बनावटीचा महिना विचारून घ्या. सर्व्हिस सेंटर घरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर असेल तर कंपनीची फिरती व्हॅन तुमच्या तालुक्यात येते का, तेही लेखी घ्या.

घरी आणल्यावर ॲव्हरेज मोजा

मीटरवरच्या आकड्यावर पूर्ण विसंबू नका. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, ऑटो कट होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. टाकी पावच्या जवळ आली की त्याच ठिकाणी पुन्हा तशीच भरा. किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा. एका टाकीचा आकडा फसवतो, तीन-चार टाक्यांची सरासरी धरा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. उन्हाळ्यात समृद्धीवर जाण्याआधी तर नक्कीच, कारण कमी हवेचा जुना टायर तापलेल्या काँक्रीटवर फुटतो. घाट उतरताना न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये पाय काढला की आताच्या इंजिनात पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जातच राहतं आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

ॲव्हरेज अचानक दोन-तीननं पडलं तर आधी हवा बघा. मग एअर फिल्टर, कारण आपल्याकडच्या धुळीत तो सर्व्हिसच्या तारखेची वाट बघत नाही. मग सपाट जागी गाडी न्यूट्रलला ठेवून हातानं ढकलून बघा. सहज सरकली नाही तर कुठल्या तरी चाकाचा ब्रेक धरतो आहे, तो मोकळा करून घ्या.